अर्ध्या तासाचं दार

४ मार्च

ठोंब्या,

फोनवर तू नुसतं "काय? काय?" करत बसतोस, म्हणून हे पत्र. भट्टीच्या आवाजानं कान तुझे गेले आणि अक्षर मला सुधारावं लागतंय.

बातमी अशी की आमच्या इमारतीला नवीन दारं बसली. गृहमंडळानं एकदाचं मनावर घेतलं. पंधरा मजले, मजल्याला सहा घरं, नव्वद दारं. आमच्या बाराव्या मजल्यावर काल दोन सुतार आले आणि दिवसभर ठोकाठोक करून गेले. दार हिरवं आहे, जड आहे, आणि वर एक लोखंडी हात बसवलाय, त्यामुळे आपलं आपण मिटतं. मला काय माहीत! दूध घ्यायला बाहेर पाऊल टाकलं आणि मागे धाडकन बंद. किल्ली आत, मी बाहेर, अंगावर घरातला गाऊन. समोरच्या नर्सबाईनं घरात घेतलं म्हणून अब्रू वाचली.

लिफ्टशेजारी मंडळानं पाटी लावली आहे. "आग लागल्यास घरातच थांबा. दार बंद ठेवा. हे दार अर्धा तास आग रोखते." आता मला सांग, शाळेत एकतीस वर्षं मी घंटा दिली. धोक्याची घंटा झाली की पोरांनी बाहेर पळायचं, एवढंच मला ठाऊक. इथे म्हणे आत बसायचं! मला काही ते पटत नाही.

नर्सबाईचे वडील अंथरुणाला खिळलेत. ती ड्यूटीवर गेली की आजोबा घरात एकटे. तिनं तळमजल्यावर घर बदलून मिळावं म्हणून अर्ज केलाय, पण तिथलं घर म्हणजे एकच खोली आणि खिडकीसमोर कचऱ्याचे डबे. ती विचारत होती, पाटीवरचं खरं असेल का हो? मी म्हटलं, माझा भाऊ दारं जाळायच्याच नोकरीत आहे, त्याला विचारते. दाराच्या कडेला, बिजागरीजवळ, पत्र्याची टिकली आहे. तिच्यावर हत्ती आहे. ओळखीचा आहे का बघ.

आणि नीट मोजून सांग. लहानपणी लपंडावात शंभर म्हणताना साठ-सत्तर गाळायचास, तसं नको.

माझी तब्येत ठणठणीत. लिफ्ट बंद असली तर बारा मजले पायी उतरते.

ताई

११ मार्च

ताई,

हत्ती! अगं, तो हत्ती मी स्वतः जाळलाय.

तुला कधी धड सांगितलं नाही, आता सांगतो. आमच्याकडे खोलीएवढी भट्टी आहे, तिला एक बाजूच नाही. त्या उघड्या बाजूला भिंत बांधायची, भिंतीत दार बसवायचं, अगदी घरात बसवतात तसं, कुलूपबिलूप सगळं. मग आत आग आणि आपण बाहेर. माझं काम कापूस धरायचं. लांब दांडीला तारेची चौकट, चौकटीत कापसाचा पुंजका. दाराला कुठे फट पडली, वाफ आली, की तिथे कापूस नेऊन धरायचा. कापूस पेटला की दार मेलं. त्या क्षणी मी मिनिट ओरडून सांगतो आणि साहेब लिहून घेतात. सव्वीस वर्षं हेच करतोय. तू घंटा दिलीस, मी कापूस धरला. आपल्या घराण्यात वेळेचीच नोकरी.

हत्तीवालं दार दोन वर्षांपूर्वी आलं होतं. चौतीस मिनिटं टिकलं. कापूस माझ्या हातात होता. तेव्हा पाटी खरी आहे. दार बंद असलं तर दुसऱ्या घरातली आग तुझ्यापर्यंत यायला अर्धा तास लागेल, तेवढ्यात बंब येतोच. जिन्यात धुरात धडपडण्यापेक्षा आत बसलेलं बरं. नर्सबाईंना सांग, मी शब्द देतो. साठ-सत्तर गाळलेले नाहीत.

बारा मजले उतरतेस? या वयात? तुझ्या जिभेइतकेच गुडघेही मजबूत दिसतायत.

ठोंब्या

२० मार्च

ठोंब्या,

तुझं पत्र मी लिफ्टशेजारी, मंडळाच्या पाटीखाली लावलं. चार टाचण्या मारून. जिभेबद्दलचं वाक्य त्यात आहे हे लावून झाल्यावर लक्षात आलं. कोपऱ्यातल्या घरातला शिंपी आता मला "मजबूत ताई" म्हणून हाक मारतो. मारू दे. कपड्यांची गाठोडी वाटेत ठेवू नकोस म्हणून मी त्याच्या मागे लागलेली असते, त्याचा सूड घेतोय.

पण पत्रानं काम केलं बघ. वरच्या-खालच्या मजल्यांवरचे लोक येऊन वाचून गेले. मंडळाच्या पाटीवर कुणाचा विश्वास नव्हता, पण "कापूस माझ्या हातात होता" हे वाचल्यावर सगळ्यांच्या शंका मिटल्या. नर्सबाईनं दोनदा वाचलं आणि परवा तळमजल्याचा अर्ज मागे घेतला. म्हणाली, ताई, गेल्या दोन वर्षांत आज पहिल्यांदा मी ड्यूटीवर असताना घड्याळाकडे बघितलं नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! शेंडेफळाचा कुणाला तरी उपयोग झाला.

दारात खोड म्हणशील तर एकच. मध्यावर पत्रं टाकायला पितळी फट दिली आहे. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, बाहेरून नुसती पत्र्याची एक पापणी. वारा सुटला की तिच्यातून शिट्टी वाजते, आणि मला वाटतं कोणीतरी हाक मारतंय. तुमच्या भट्टीत पण शिट्टी वाजली होती का रे?

ताई

२५ मार्च

ताई,

घाईत लिहितोय. फटीला आतल्या बाजूनं झाकण आहे का? फटीच्या कडेला, लाकडाच्या आत, करड्या रंगाची रबरासारखी पट्टी दिसते का? बोट घालून बघ. नव्वदच्या नव्वद दारांना अशीच फट आहे का? विचारून कळव.

आणि माझं पत्र तिथून काढ. आजच काढ.

तुझ्या मजल्यावर कधी काही झालं, तर आत बसू नकोस. वास आला की लगेच जिन्यानं खाली. तुझे पाय चांगले आहेत तोवर त्यांचा उपयोग कर.

ठोंब्या

४ एप्रिल

ठोंब्या,

डोकं ठिकाणावर आहे ना? पंधरा दिवसांपूर्वी आत बस म्हणालास, आता पळ म्हणतोस. मी काय लगोरीचा चेंडू आहे?

बोट घातलं. झाकण नाही, पट्टी नाही, आत नुसतं कापलेलं लाकूड. बोटात कुसळ गेलं. आणि हो, नव्वदच्या नव्वद तशीच, पोस्टमन खूश आहे.

पत्र काढणार नाही. मला कळतंय काय झालंय ते. तुझ्या साहेबाला कळलं असणार की तू नोकरीतलं गुपित बहिणीला लिहितोस, आणि त्यानं तुला झापलं. तू लहानपणापासून भित्रा. मास्तरांनी नुसतं बघितलं तरी तुझी पाचावर धारण बसायची. अरे, रिटायर व्हायला आठ महिने राहिले, आता कशाला घाबरतोस?

मी मागे विचारलं होतं त्याचं उत्तर दिलं नाहीस. भट्टीत शिट्टी वाजली होती का?

पत्र नर्सबाई पेटीत टाकते, तिच्या वाटेवर आहे म्हणून.

ताई

१५ एप्रिल

ताई,

साहेब काही बोलले नाहीत. तू म्हणतेस तसं काही नाही. मीच उगाच काळजी करतो, वय झालं.

सोबत एक पार्सल आहे. त्यात आतून बसवायचं झाकण आहे, स्प्रिंगचं, आपोआप मिटणारं. कडेनं जी करडी पट्टी आहे ती उष्णता लागली की फुगते आणि फट बुजवते. चार स्क्रू मारायचे, बस. कुणाही सुताराला जमेल. मी जुन्या सामानातून शोधून काढलं, एकच मिळालं. ते तुझ्याच दाराला लाव. बाकी काही मनात आणू नकोस.

पत्र काढलंस का?

ठोंब्या

३ मे

ठोंब्या,

झाकण पोचलं. शिंप्यानं बसवून दिलं, छान बसलं. आता शिट्टी वाजत नाही.

पत्र आहे तिथेच आहे. तू मला दोन ओळींची पत्रं लिहायला लागलास की मला झोप लागत नाही. शेवटचं असं कधी लिहिलं होतंस आठवतं? वहिनीचा आजार आमच्यापासून लपवत होतास तेव्हा. काय आहे ते बोलून टाक की एकदा. मी काय तुला खाणार आहे?

ताई

९ जून

ठोंब्या,

अक्षर वाकडं दिसेल. हातात चार दिवस सलाईनची सुई होती. आता घरी आले आहे. ऐकून घे आणि मध्ये बोलू नकोस.

अठ्ठावीस मेला, दुपारी चारच्या सुमाराला, शिंपी इस्त्री चालू ठेवून खाली दोऱ्याची रिळं आणायला गेला. बाहेर पडला आणि दार आपोआप मिटलं, म्हणजे ते तरी बरोबर झालं. मला वास आला. खिडकीतून पाहिलं तर कोपऱ्यातून काळा धूर. बंबाला फोन केला, मग स्टीलचं ताट घेतलं आणि दारात उभी राहून बडवलं, एकतीस वर्षांची सवय. बाकी तीन घरांतली माणसं पळाली. मी नाही पळाले.

खरं सांगते. गेल्या जुलैपासून मी खाली उतरलेले नाही. गुडघे गेलेत. लिफ्टपर्यंत जाते तेही भिंतीला धरून. आगीत लिफ्ट बंद ठेवतात. बारा मजले उतरते हे मी तुला थापा मारत होते, म्हणजे तू मला उचलून तुझ्याकडे नेशील नाहीतर कुठल्या वृद्धाश्रमाचे फॉर्म पाठवशील म्हणून. दूध नर्सबाई आणते, पत्रं ती टाकते. झालं समाधान?

तर मी दार लावून घेतलं. भीती अशी वाटलीच नाही. माझ्या भावानं शब्द दिलाय, अर्धा तास. घड्याळ समोर ठेवलं. स्टूल ओढून दाराशी बसले आणि पितळी फटीची पापणी उचलून बाहेर बघत राहिले. शिंप्याचं दार समोर तिरकं दिसतं. बंद होतं, हिरवंगार. दहा मिनिटं झाली, बारा झाली. म्हटलं, शाबास रे हत्ती. चौदाव्या मिनिटाला त्या दाराच्या पितळी फटीतून ज्वाळेची जीभ बाहेर आली. दार तसंच उभं, आणि मधोमध जीभ! समोरच्या भिंतीचा रंग पापडासारखा फुगला. मग सगळा बोळ काळा झाला आणि तो धूर माझ्या फटीतून माझ्या तोंडावर आला. उशी कोंबली, ओली चादर कोंबली. पुढचं मला नीट आठवत नाही. बंबवाल्यांनी बाविसाव्या मिनिटाला मला बाहेर काढलं म्हणे.

आजोबांना काही झालं नाही. त्यांच्या घरात धुराचा वास सुद्धा नव्हता. कारण झाकण मी त्यांच्या दाराला लावलं होतं. त्यांना उशी कोंबता आली नसती.

शिंप्याचं घर गेलं. तो माझ्या खाटेशी येऊन रडून गेला. मी त्याला म्हटलं, इस्त्री तू विसरलास, पण दार तू नाही बनवलंस.

पडल्या पडल्या मी तुझी सगळी पत्रं पुन्हा मनात वाचली. झाकण आहे का, पट्टी आहे का, पत्र काढ, पळ, पार्सल. मला एकाच प्रश्नाचं उत्तर पाहिजे. तुला माहीत होतं ना?

ताई

१६ जून

ताई,

हो. माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी हत्तीवाल्या कंपनीनं दोन दारं आणली होती. एक सपाट, एक पितळी फटीचं. सपाट दार चौतीस मिनिटं टिकलं, ते मी तुला लिहिलं. फटीचं दार दुसऱ्या दिवशी लावलं. अकराव्या मिनिटाला मी फटीशी कापूस धरला आणि तो भस्सकन पेटला. मी "अकरा!" म्हणून ओरडलो. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, हा नमुना कंपनी परत घेतेय, याची नोंद नको. रिपोर्ट सपाट दाराचा गेला. भट्टीत अकरा, तुझ्याकडे चौदा. भट्टीची आच लवकर चढते, फरक तेवढाच.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा देवाशपथ मला वाटलं ते सपाट दार आहे. तू फट लिहिलीस त्या दिवशी मी जेवलो नाही. साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, तुमचे आठ महिने राहिलेत, तुम्ही राहता ते क्वार्टर आमचं आहे, रिपोर्टात जे आहे ते आहे. मी बाहेर आलो आणि स्टोअरमध्ये जाऊन झाकण शोधायला लागलो. नव्वद दारं, ताई, आणि मी एकाचंच झाकण शोधत होतो. तेही तू दुसऱ्याला दिलंस.

तू म्हणालीस मी भित्रा. खरं आहे. तुला पळ म्हणून लिहिलं, म्हटलं तू तर पळशील, तुझे पाय चांगले आहेत. बाकीच्यांचा विचार मनात यायचा तेव्हा मी रेडिओ मोठा करायचो. मला ऐकू येत नाही तरी.

मी रोजचे आकडे माझ्या एका छोट्या वहीत लिहितो, सुरुवातीपासूनची सवय. त्यात ते अकरा आहे, तारखेसकट. त्या पानाची नक्कल सोबत आहे. आणि एक कागद आहे, माझ्या सहीचा, मी काय पाहिलं आणि काय लपवलं ते. माझं पहिलं पत्र जिथे लावलंस तिथेच, त्याच्या वर, हा कागद लाव. मंडळाकडेही पाठव.

क्वार्टर जाईल, ते मी बघून घेईन. तू बरी हो.

ठोंब्या

२६ जून

कागद आला. चार दिवस पिठाच्या डब्यात ठेवला. काढायची, वाचायची, परत ठेवायची. तुझं घर जाणार हे मला कळतं. मी तुला अंगाखांद्यावर वाढवलंय, मला का कळणार नाही? पण काल आजोबा आतून खोकले आणि मला ते सहन झालं नाही.

नर्सबाईला बोलावून आधी तिला वाचायला दिला. तिनं वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि काही न बोलता घरी गेली. तिनं तळमजल्याचा अर्ज माझ्या सांगण्यावरून मागे घेतला होता, ठोंब्या. माझ्या! ती खोली आता दुसऱ्या कुणाला गेली. मी भिंत धरत लिफ्टपर्यंत गेले आणि माझ्या हातानं कागद लावला.

तुझ्याशी मला बोलायचं नाही. पत्र पाठवू नकोस.

ताई

२३ जुलै

ताई,

पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवतोय.

मला कामावरून घरी बसवलं. साहेबांची चौकशी सुरू आहे. वही मी चौकशीवाल्यांना दिली, पोच घेतली. क्वार्टर पंधरा ऑगस्टपर्यंत सोडायचं आहे. सामान फार नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच सकाळी अंगाला जळल्याचा वास येत नाही, आणि मला करमत नाही.

रोज टपालाची वाट बघतो. तुझ्या शिव्यांचं पत्र आलं तरी चालेल.

नर्सबाई बोलल्या का तुझ्याशी?

ठोंब्या

४ ऑगस्ट

ठोंब्या,

बोलली. बावीस दिवसांनी बोलली. दूध मात्र त्या बावीस दिवसांतही रोज दारात ठेवून जात होती. शेवटी मीच म्हटलं, बाई, शिव्या दे पण दूध असं मुक्यानं देऊ नकोस, ते नासतं. तेव्हा हसली आणि मग रडली, आणि मीही.

आता इथलं ऐक. कागद लावल्यावर आठवड्याभरात सगळ्या मजल्यांवर पोचला, कुणीतरी प्रती काढल्या. मंडळाचा साहेब आला तेव्हा जिन्यात दोनशे माणूस उभं होतं. त्याला वर यायला वाट मिळाली, परत जायला लवकर मिळाली नाही. घरातच थांबा ही पाटी उतरवली. नवीन दारं येईपर्यंत दोन मजल्यांना एक माणूस दिवसरात्र पहाऱ्याला, वास आला की भोंगा वाजवायला. आमच्या मजल्याचा पहारेकरी डुलक्या काढतो, मी त्याला ताट बडवून उठवते. तळमजल्यावरच्या माणसांनी एक यादी केली, कोणाला उतरता येत नाही त्यांची. इमारतीत तेवीस जण निघाले! सगळेच माझ्यासारखे, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

आम्हाला पट्ट्यांची खुर्ची मिळाली आहे, जिन्यावरून घसरत उतरते. तिची तालीम माझ्यावर झाली. मागे नर्सबाई, पुढे शिंपी. बारा मजले, सात मिनिटं. मी सगळ्या वाटेत ओरडत होते. खाली पोचल्यावर मला दहा मिनिटं तशीच उन्हात बसू दिली. वर्ष झालं होतं रे, मी जमीन बघून.

आता मुद्द्याचं. मंडळ म्हणतंय, तुमच्या भावाच्या वहीवर विश्वास ठेवायचा तर दारं पुन्हा जाळून बघू, दुसऱ्या शहरातल्या भट्टीत, सगळ्यांसमोर. त्यासाठी इमारतीतलंच एक दार पाहिजे होतं. मी माझं दिलं. काल सुतारांनी ते बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि कांबळ्यात गुंडाळून नेलं. आता दाराच्या जागी प्लायवूडचा तुकडा आहे. तो नीट मिटत नाही, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण डोकावून चहा झाला का विचारतो.

रहिवाशांतर्फे एक माणूस भट्टीपाशी उभा राहू शकतो असं ठरलं. मत घेतलं. शिंप्यानं एका इंजिनियरचं नाव सुचवलं, शिकलेला, चांगला माणूस. नर्सबाई उठली आणि तुझं नाव घेतलं. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती म्हणाली, ज्यानं एकदा आकडा गिळला, त्याला तो किती दिवस पचला नाही ते आपण वाचलंय. तो दुसऱ्यांदा गिळणार नाही. हात वर झाले. मी मोजले, चौऱ्याऐंशी. माझा सगळ्यात शेवटी, मला अजून तुझा राग आहे म्हणून.

बारा ऑगस्टला जाळणार आहेत. तिथून परत त्या क्वार्टरला जाऊ नकोस. सामान पाठवून दे आणि इकडे ये. आतली खोली रिकामी केली आहे. नवीन दार लागेल ते तू डोळ्यांनी तपासूनच लावायचं, आणि मला वर-खाली करायला खुर्चीच्या मागे एक माणूस कमी पडतो.

कापूस तू धर. मी तिथे नसेन, पण नर्सबाई फोन घेऊन उभी राहणार आहे आणि इकडे सगळा मजला माझ्या घरात ऐकायला बसणार आहे. तुला ऐकू येत नाही, आम्हाला येतं. तेव्हा मोठ्यानं मोज, एकापासून, आणि कापूस पेटला की थांब.

ताई